स्पष्टच सांगायचं तर

क्वेन्का, १९ फेब्रुवारी १९९४

माद्रिना तार्हेलिया,

आशीर्वाद असू द्या.

कार्निव्हलला येते म्हणाले होते आणि आले नाही. 'देवाची इच्छा असेल तर' असं मी लिहिलं होतं, हे लक्षात असू द्या. देवाची होती, आमच्या साहेबांची, सिन्योर ओर्दोन्येसची नव्हती. त्यांनी सणाच्या दोन दिवसांत मला टोप्यांची खोकी मोजायला बसवलं. आपल्या गावच्या बायका महिना महिना विणतात त्या टोप्या इथे आल्या की खोक्यात जातात, खोकी बोटीत जातात आणि तिकडच्या लोकांना त्या दुसऱ्याच देशाच्या वाटतात. पण ते गाऱ्हाणं जुनं आहे.

नवी बातमी अशी की कचेरीनं मला इंग्रजी शिकायला पाठवलंय. सगळं इंग्रजी नाही, फक्त 'आपलं म्हणणं स्पष्ट मांडण्याचे वाक्प्रयोग'. आम्ही तिघी टायपिस्ट आहोत. बाकीच्या दोघी 'हो, का नाही, अगदी आनंदानं' म्हणाल्या आणि वर्ग सुरू झाला त्या दिवशी आजारी पडल्या. म्हणून माझी निवड झाली.

याला कारण ह्यूस्टनचा व्यापारी. गेल्या वर्षभरात आम्ही त्याला नऊ पत्रं धाडली. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: टोप्या आहेत की नाहीत? सिन्योर ओर्दोन्येसना फार लागलं. ना तब्येतीची चौकशी, ना घरच्यांना नमस्कार. "हा माणूस आजारी असणार," ते म्हणाले. मग मी नऊच्या नऊ पत्रं काढून वाचली. पहिल्यात त्याच्या बायकोची विचारपूस होती, दुसऱ्यात पावसाची हकीकत. तिसऱ्यात टोप्या जवळजवळ निघाल्यासारख्याच होत्या आणि पाचव्यात त्या निघण्याच्या अगदी मनःस्थितीत होत्या. टोप्या नव्हत्या, माद्रिना. पहिल्या पत्राच्या वेळीही नव्हत्या.

आमच्या बाई मिस ग्रिसेल्दा. अकरा वर्षं न्यूयॉर्कमध्ये कचेऱ्या झाडत होत्या, तिथे साहेबलोकांचं बोलणं ऐकून ऐकून शिकल्या. त्या सांगतात की तिकडे माणूस आधी सांगतो की आता मी सांगणार आहे, मग सांगतो, आणि मग सांगतो की माझं सांगून झालं. मधला भाग सगळ्यात लहान असतो. पहिल्या दिवशी आम्ही 'स्पष्टच सांगायचं तर' शिकलो. घरी येताना बसमध्ये मी तेच घोकत होते, शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

उत्तर बसवाल्या उल्पियानोच्या हातीच पाठवा. फोन नको. तुम्ही फोन केलात की लास्तेनिया टेलिफोन ऑफिसात बसून सगळं ऐकते आणि मध्येच सल्ला देते.

गुडघे कसे आहेत?

तुमची,
नेल्वा


चाकापाता, ६ मार्च १९९४

पोरी नेल्वा,

तुझं पत्र उल्पियानोनं चार दिवस खिशात फिरवलं आणि मग दिलं. त्यावर डिझेलचा वास होता, पण अक्षर तुझंच होतं, म्हणून वाचलं. गुडघे जागच्या जागी आहेत.

स्पष्ट बोलायला इंग्रजी लागतं, हे मला नवीन. गुरुवारच्या बाजारात टोप्या विकत घेणारे दलाल येतात, ज्यांना आपण सगळे कुत्रे म्हणतो आणि कुत्र्यांना वाईट वाटतं, ते तर अगदी स्पष्ट बोलतात. "बाई, टोपी वाकडी आहे," म्हणतात. टोपी सरळ असते. ते कोणत्या वर्गाला गेले होते, मिस ग्रिसेल्दाला विचार.

कार्निव्हलला तुझी वाट पाहिली नाही. दोघींचं जेवण केलं होतं, ते सवयीनं झालं. तुझी माद्रिना, धर्माची आई, म्हणून बाप्तिस्म्याला मी तुला हातावर घेतलं, आणि तुझी आई गेल्यावर खाली ठेवायचं विसरले, त्याचा हा परिणाम. जाऊ दे.

इथे नवीन काही नाही. गेल्या रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर दोन्या क्लोतिल्दे ग्वामान आली होती, सोबत तिचा एफ्राइन. दुधाचा ट्रक चालवतो तो. शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा. सहज आले होते. बरोबर पावाची टोपली होती. क्लोतिल्दे पावसाबद्दल बोलली, मग तुझ्याबद्दल बोलली, मग परत पावसाबद्दल. एफ्राइन मांडीवर टोपी फिरवत बसला होता. चांगला मुलगा आहे. आवाज कसा आहे ते मात्र सांगता येत नाही.

पाव मऊ होते.

ईस्टरला येशील तेव्हा लोकरीची शाल घेऊन ये, इथे गारठा आहे.

तुझी,
तार्हेलिया


क्वेन्का, १३ मार्च १९९४

माद्रिना,

आशीर्वाद असू द्या.

'पाव मऊ होते' हे तीन शब्द मी तीन दिवस वाचते आहे. मऊ होते म्हणजे तुम्ही खाल्ले. माद्रिना, चाकापात्यात कोणीही कोणाकडे सहज जातं, पण टोपली घेऊन सहज जात नाही. मुलाकडची टोपली मुलीच्या घरात आली आणि तिथल्या पोटात गेली, की मुलगी गेली. हे मला तुम्हीच शिकवलंत. आठ वर्षांची होते मी. शेजारच्या बाईनं दिलेलं अंडंसुद्धा तुम्ही मला 'हे कशाबद्दल' असं आधी विचारून घ्यायला लावलं होतं.

ताकाला जाऊन भांडं लपवायची आपल्याकडे रीतच आहे. मिस ग्रिसेल्दा म्हणतात की आपण डोंगरातली माणसं 'नाही' हा शब्द बाप्तिस्म्यातच धुऊन टाकतो. कोणी जेवायला बोलावलं की आपण 'येते ना' म्हणतो आणि जात नाही. बोलावणाराही ताट मांडत नाही. दोघंही समाधानी. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'माझं म्हणणं असं की'. आणि मग प्रत्येकीला काहीतरी म्हणायला लावलं. माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली, 'माझं म्हणणं असं की' म्हणाली आणि रडायला लागली. तिला काही म्हणायची सवयच नव्हती.

तुम्ही जरा स्पष्ट बोलायला शिका, माद्रिना. अवघड नाही.

एफ्राइनचं म्हणाल तर माणूस भला, ट्रक भला, मी त्या सगळ्यांची फार आभारी आहे. सध्या अभ्यास खूप आहे, कामाचंही कसं काय होतं ते बघायचं, पुढचं देव जाणे. तुम्ही त्यांना हे तुमच्या गोड शब्दांत सांगा, म्हणजे त्यांना समजेल.

ईस्टरला नक्की येते, देवाची इच्छा असेल तर.

तुमची,
नेल्वा


चाकापाता, १० एप्रिल १९९४

पोरी,

ईस्टर झाला. बारा धान्यांचं सूप दोघींपुरतं केलं होतं. सोमवारपर्यंत चवीला बरं होतं, बुधवारी कोंबड्यांना घातलं. देवाच्या इच्छेबद्दल मी फादरना विचारलं. ते म्हणाले देवाला क्वेन्काच्या बसचं वेळापत्रक माहीत नसतं.

तुझा निरोप मी दोन्या क्लोतिल्देला दिला, शब्द न शब्द. तिला फार आवडला. "पोरीनं देवावर सोपवलं," म्हणाली, "अशी सून कुठे मिळते आजकाल?" सून हा शब्द ती चुकून बोलली आणि लगेच खोकली. मी पाणी दिलं.

ते पुन्हा आले ते शनिवारी. या खेपेला सहा भाजलेले गिनीपिग, त्याखाली बटाटे, वर एक कोंबडी. आता तू विचारशील, परत का नाही पाठवलं. कसं पाठवायचं? भाजलेलं जनावर परत पाठवलं तर त्याचा अर्थ होतो तुमच्या चुलीवर थुंकले. जिवंत असते तर एकवेळ म्हटलं असतं माझ्याकडे जागा नाही. आणि तू उंटावरून शेळ्या हाकतेस, तुला काय जातंय. क्लोतिल्दे माझ्या दारात उभी होती, टोपली तिच्या हातात होती, तिचा हात दुखत होता. मी धरली. मग ती माझ्याच हातात होती.

एफ्राइन या वेळीही काही बोलला नाही. कोंबडीकडे बघत होता. मला वाटतं त्याला भूक लागली होती, पण आपण आणलेलं आपणच खायचं नसतं.

माझ्या वेळीही मोइसेसच्या घरून अशीच टोपली आली होती. तो त्याच्या पद्धतीचा माणूस होता, देव त्याला शांती देवो. सगळ्यांचं होतं तसं आपलंही होतं.

त्या रडणाऱ्या मुलीला माझा नमस्कार सांग. ती मला आवडली.

तार्हेलिया


क्वेन्का, १५ मे १९९४

माद्रिना,

आशीर्वाद असू द्या.

उशीर झाला, कारण इथे मोठं काम झालं आणि ते मी केलं. ह्यूस्टनच्या व्यापाऱ्याला मी पत्र लिहिलं, पहिल्यांदाच स्वतःच्या बुद्धीनं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यात एवढंच होतं: 'स्पष्टच सांगायचं तर आज टोप्या नाहीत. जूनअखेर दोनशे होतील. त्याआधी होणार नाहीत.' सिन्योर ओर्दोन्येसनी ते वाचलं आणि खुर्चीत बसले. "हे तर उघडं पत्र आहे, याला काहीतरी कपडे घाल," म्हणाले. निदान त्याच्या मुलांची चौकशी घाल, निदान जूनच्या आधी 'बहुधा' घाल. मी म्हटलं, 'बहुधा' घातलं की पत्र परत आपलं होईल. त्यांनी डोळे मिटून सही केली.

बारा दिवसांनी उत्तर आलं. 'आभार. दोनशे पाठवा.' सिन्योर ओर्दोन्येसना अजून वाटतं की तो रागावलाय.

आता नकाराचे प्रकार ऐका, कारण गेले तीन आठवडे आम्ही तेच करतोय. मिस ग्रिसेल्दांनी अकरा सांगितले. पहिला साधा. दुसऱ्यात आधी आभार मानायचे आणि मग 'पण' म्हणायचं. तिसऱ्यात 'मला खेद वाटतो' म्हणायचं, खेद वाटायलाच हवा असं नाही. चौथ्यात कारण द्यायचं, पण एकच. आपण सहा देतो आणि समोरचा सहापैकी सगळ्यात कच्चं धरून वाद घालतो. पाचव्यात...

(बाकीचे वेगळ्या पाच पानांवर लिहून सोबत जोडलेत, सावकाश वाचा. अकरावा सगळ्यात चांगला आहे: एकदा म्हणून झालं की गप्प बसायचं. मिस ग्रिसेल्दा म्हणतात हा शिकायला त्यांना न्यूयॉर्कमध्ये चार वर्षं लागली.)

माझं इथे जरा बरं चाललंय. थोडं स्थिर होण्यासारखं काही दिसतंय, म्हणजे अजून तसं काही नाही, पण दिसतंय.

ग्वामानांचं ते प्रकरण तुमच्याकडून जरा लांबवता आलं तर बघा. तुम्हाला ते बरोबर जमतं.

कॉर्पस क्रिस्तीच्या सणाची मिठाई उल्पियानोच्या हाती पाठवते आहे. त्यानं वाटेत खाल्ली तर गुलाबी वड्या आधी खाल्ल्या असतील, त्यावरून कळेल.

तुमची,
नेल्वा


चाकापाता, ५ जून १९९४

नेल्वा,

गुलाबी वड्या नव्हत्या.

तुझं पत्र सात पानांचं होतं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मग बोटांवर मोजलं. नकार कसा द्यावा याचे अकरा प्रकार आहेत. ह्यूस्टनच्या एका अनोळखी माणसाला एक नकार दिलेला आहे. एफ्राइन ग्वामानला एकही नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तुमच्या वर्गात शिकवतात का?

पत्र टेबलावर होतं तेव्हाच दोन्या क्लोतिल्दे आली. तिनं विचारलं, पोरगी काय म्हणते. मी काय सांगणार? मला एकही 'नाही' सापडलेलं नव्हतं. मी तिच्याबद्दलची ओळ वाचून दाखवली, 'जरा लांबवता आलं तर बघा'. क्लोतिल्दे खूश झाली. "लांबवायचं म्हणजे तारखेचं बोलतेय," म्हणाली. तिला ईस्टरनंतरचाच मुहूर्त हवा होता म्हणे, पण नवरीच्या मनाविरुद्ध कशाला. आता सान पेद्रोच्या सणाला, एकोणतीस जूनला. फादरना तिनं सांगून ठेवलंय. हिरोन गावच्या बँडलाही सांगून ठेवलंय, आठ वाजंत्री आणि एक मोठा ढोल. परवा डुकराचा अख्खा पाय आला. तो माझ्या छताला टांगलेला आहे, आणि त्याच्याखाली बसून मी हे लिहिते आहे.

लग्न हा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही. तेव्हा तू म्हणशील तर अजून काही झालेलंच नाही.

तुझ्या त्या 'स्थिर होण्यासारखं दिसतंय'चा अर्थ मी लास्तेनियाला विचारला. ती म्हणाली शहरात याचा अर्थ एक तर नोकरी नाही तर पुरुष.

मी आता साठीची झाले. मला अकरा प्रकार कळत नाहीत. तू मला एक प्रकार पाठव.

तार्हेलिया


क्वेन्का, ९ जून १९९४

माद्रिना,

आज नमनाला तेल नाही.

मला एफ्राइनशी लग्न करायचं नाही. त्याच्यात खोट नाही, मला तो नको आहे एवढंच. हे मी मार्चमध्येच लिहायला हवं होतं. मी तुमच्या आड लपले. तुम्ही नाही म्हणाल आणि मी चांगलीच राहीन, असा माझा हिशेब होता.

दुसरं. दोन मेपासून कचेरीनं मला कायम केलंय. कागदावर सही झाली. मी चाकापात्याला राहायला परत येणार नाही. भेटायला येईन, राहायला नाही. 'दिसतंय' असं लिहिलं तेव्हा ते होऊन तेरा दिवस झाले होते.

टोपली परत करा. रीत मला ठाऊक आहे, जेवढं आलं तेवढं शिजवून, दिवसाउजेडी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांसमोर न्यावं लागतं. तुमच्या गुडघ्यांनी ते करावं लागणार याची मला लाज वाटते. तुम्ही म्हणाल तर मी येते आणि मीच नेते.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत आधी दोन पानं गुडघ्यांची चौकशी होती.

गुडघे कसे आहेत?

नेल्वा


चाकापाता, ३ जुलै १९९४

नेल्वा,

चोवीस दिवस उत्तर आलं नाही तेव्हा तुला वाटलं असेल म्हातारी रुसली. उल्पियानो दोनदा निरोप घेऊन आला की पोरगी बसस्टँडवर येऊन विचारते. पहिल्यांदा मी रुसलेच होते. दुसऱ्यांदा स्वयंपाकात होते.

सहा गिनीपिग माझ्याच चुलीमागे पाळलेले निघाले. कोंबडी होती. पाव मी स्वतः भाजले, क्लोतिल्देच्यापेक्षा मऊ, हे लिहून ठेव. डुकराचा पाय तोच परत दिला असता तर भांडण झालं असतं, म्हणून खाटकाला दोन टोप्या देऊन दुसरा आणला. हातातल्या त्या टोप्या मी कुत्र्यांना देणार नव्हते, त्या तुझ्यासाठी ठेवल्या होत्या, शेवटी तुझ्याच कामी आल्या. सोळा तारखेला, गुरुवारी, भर बाजाराच्या वेळी मी दोन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीला सगळ्या खिडक्या बंद होत्या. दुसऱ्या फेरीला एकही बंद नव्हती.

क्लोतिल्दे दारात आली. "अगं तार्हेलिया, हे कशाला?" म्हणाली.

मी म्हटलं, "स्पष्टच सांगायचं तर."

मिस ग्रिसेल्दाला सांग, तिचा वाक्प्रयोग चालतो. आपल्या भाषेतही चालतो. एवढं म्हणून झालं की पुढचं म्हणावंच लागतं, मागे फिरायला वाट राहत नाही. मी पावसाकडे वळायचं बघितलं, पण ऊन होतं. मग म्हटलं, "नेल्वा एफ्राइनशी लग्न करणार नाही." आणि तुझा अकरावा प्रकार केला, गप्प बसले. सगळ्यात अवघड तोच होता. माझी जीभ आतल्या आत फिरत होती.

क्लोतिल्देनं टोपलीवरचं फडकं उचलून आत पाहिलं. मग म्हणाली, "लग्न? लग्नाचं कोण बोललं? आम्ही बटाटे आणले होते."

मी चार महिने आठवून पाहिले. खरंच कोणी बोललेलं नव्हतं. "आणि बँड?" मी विचारलं.

"बँड सान पेद्रोचा."

"फादर?"

"फादरना आम्ही दर सणाला बोलावतो. तू आत ये, उन्हात काय उभी आहेस."

आत गेले. जेवायला बसवलं तिनं. तिचं तोंड लहान झालं होतं, पण वाढताना हात आखडला नाही. बाई मोठी आहे, हे म्हणायला हवं. एफ्राइननं गिनीपिगचा पाय उचलला, मग दुसरा उचलला, तीन वाट्या उकडलेला मका खाल्ला. मी निघाले तेव्हा रिकाम्या टोपल्या घेऊन कोपऱ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "दोन्या तार्हेलिया, फार उपकार झाले." आवाज बरा आहे त्याचा. त्याचं लास्तेनियावर मन आहे, तीन वर्षांपासून. दिवसातून दोनदा दुधाचा भाव विचारायला फोन करतो, भाव बदलत नसतो. आईला सांगायची हिंमत नव्हती. मी त्याला तो वाक्प्रयोग दिलाय. अजून त्यानं पहिला अर्धा भागच म्हटलाय, पण क्लोतिल्दे घाबरली आहे.

सान पेद्रोला बँड वाजला. आठ वाजंत्री आणि मोठा ढोल. नाचायला कारण नव्हतं, लोक तरी नाचले.

आता माझं. तू चार वेळा लिहिलंस, मी सतरा दिवस लिहिते आहे.

मी क्लोतिल्देला नाही म्हणू शकले नाही, असं तुला कळवत राहिले. ते खोटं होतं. कुत्र्यांना मी दर गुरुवारी नाही म्हणते, फादरना म्हटलंय, एकदा पोलिसालाही म्हटलंय. मला नाही म्हणता येतं. मला म्हणायचं नव्हतं. ग्वामानांचं दार माझ्या दारापासून सतरा पावलांवर आहे, मी मोजली आहेत. तू तिथे असतीस तर मी रोज सकाळी तुझी चूल पेटलेली पाहिली असती. म्हणून टोपली धरली. क्लोतिल्देचा हात दुखत नव्हता.

आणि दुसरं. मोइसेस त्याच्या पद्धतीचा माणूस होता असं मी तुला लहानपणापासून सांगत आले. स्पष्टच सांगायचं तर तो मला मारायचा. एकोणीस वर्षं, तो मरेपर्यंत. माझ्या घरी त्याची टोपली आली तेव्हा मी आईला म्हटलं होतं की मला हा नको. आई म्हणाली पाव खाऊन झालेत. परत न्यायला कोणी उठलं नाही. एफ्राइन तसा नाही, हे खरं. पण मी जे केलं ते माझ्या आईनं केलं तेच होतं, आणि मला ते करताना कळत होतं. तुझं नऊ जूनचं पत्र आलं नसतं तर मी ते पुरं केलं असतं. याची मला लाज वाटते. हे सांगायला इंग्रजीत वेगळा प्रकार असेल तर मला नको.

दुसरी फेरी करून आले तेव्हा गुडघे सुजले होते. रिकाम्या टोपल्या भिंतीला लावल्या आणि खाली बसले. चाळीस वर्षांनी का होईना, एक टोपली परत गेली.

तू तिथेच राहा. नोकरी धरून ठेव. पण येत्या शनिवारी ये. सणाला नको, कामाला नको, मला तू दिसायला हवी आहेस. येणार असशील तर ये म्हणून लिही, नसशील तर नाही म्हणून लिही, मी दोन्ही वाचू शकते. देवाला यात घालू नकोस.

तार्हेलिया


क्वेन्का, ६ जुलै १९९४

माद्रिना,

शनिवारी सकाळी दहाच्या बसने येते आहे. दोघींचं जेवण करा.

नेल्वा